अमेरिकेत माणूस गेला, तर सही कुणाची?

अमेरिकेत घरातलं कुणी गेलं की फ्युनरल होममधला, म्हणजे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था करणाऱ्या संस्थेतला, माणूस सांत्वनाचे दोन शब्द बोलतो आणि लगेच विचारतो, सही कोण करणार? आपल्याकडे हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मुलगा असतो, भाऊबंद जमतात, गल्लीतली दोन जाणती माणसं पुढे होतात आणि दुपारपर्यंत सगळं उरकतं. डॉक्टरांचा दाखला आणि स्मशानातली पावती, एवढाच काय तो कागद. तिथे मात्र कायद्याने ज्याला हक्क दिलाय त्याची सही झाल्याशिवाय देह शीतगृहातून हलत नाही. हा हक्कदार कोण, ते राज्य ठरवतं. न्यू जर्सीचा नियम वेगळा, टेक्ससचा वेगळा, कॅलिफोर्नियाचा तिसराच. लेकीकडे एडिसनला किंवा मुलाकडे डॅलसला सहा महिने जाऊन राहणाऱ्या आईवडिलांनी, आणि तिकडेच संसार थाटलेल्यांनी, हे आधीच समजून घेतलेलं बरं. त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

राज्याचाच कायदा का? लग्न, घटस्फोट, वारसा हे विषय अमेरिकेत राज्यांच्या अखत्यारीत येतात, अंत्यसंस्कारही त्यांच्याच पंगतीला बसले. मृतदेह कुणाची मालमत्ता नसतो हे तत्त्व इंग्लंडकडून आलं. पण इंग्लंडमध्ये दफनाचे तंटे चर्चची न्यायालयं सोडवत, आणि अमेरिकेत ती न्यायालयं नव्हतीच. साध्या दिवाणी न्यायाधीशांना वाट काढावी लागली. ऱ्होड आयलंडमधल्या १८७२ च्या एका खटल्याचा दाखला अजून दिला जातो. नवऱ्याला पुरून बरीच वर्षं लोटल्यावर बायकोने त्याचे अवशेष उकरून दुसऱ्या जागी हलवले. मुलगी कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, देह ही पुरती मालमत्ता नव्हे, पण मालमत्तेसारखे काही हक्क त्यावर असतात. ज्याच्या ताब्यात देह येतो तो मालक नसतो. गेलेल्या माणसावर माया असणाऱ्या सगळ्यांच्या वतीने तो विश्वस्त असतो. मुलीच्या बाजूने निकाल लागला.

पुढे राज्यांनी हा विश्वस्त कोण याची रांगच कायद्यात लिहून टाकली. तपशील बदलतात, पण बहुतेक ठिकाणी क्रम असा: गेलेल्या माणसाने स्वतः लिहून नेमलेली व्यक्ती सगळ्यात पुढे. ती नसेल तर नवरा किंवा बायको. मग सज्ञान मुलं, मग आईवडील, मग भावंडं, मग दूरचे नातेवाईक. यात थोरला-धाकटा नाही, मुलगा-मुलगी नाही, सून-जावई तर नाहीतच. पुण्याहून रात्रीचं विमान पकडून आलेला थोरला मुलगा आणि तिथेच राहणारी धाकटी मुलगी यांचा हक्क सारखाच.

सारखा हक्क म्हणजे काय, तिथे खरी गंमत आहे. टेक्ससमध्ये तीन मुलांपैकी कुणाही एकाची सही चालते. न्यू यॉर्कमध्येही कायदा 'कुणीही एक सज्ञान अपत्य' असंच म्हणतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मात्र बहुमत लागतं, तिघांतले दोघं. कॅलिफोर्नियात एवढी सवलत आहे की बाकीच्यांना कळवण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि बहुमत विरोधात असल्याचं कानावर आलं नाही, तर कमी जणांनाही पुढे जाता येतं. दोनच मुलं असतील, एकाला दहन हवं आणि दुसऱ्याला देह भारतात न्यायचा असेल, तर फ्युनरल होम हात आखडता घेतं आणि कोर्टाचा आदेश आणा म्हणतं. त्यांचं काही चुकत नाही. दहन एकदा झालं की झालं, उद्या दुसऱ्या भावाने दावा लावला तर त्यांना ते महागात पडतं.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. नाशिकचे आजोबा व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे न्यू जर्सीला आलेत, आजी सोबत आहेत आणि आजोबांना झोपेतच हार्ट अटॅक येतो. मुलगा वीस वर्षं अमेरिकेत, सगळे व्यवहार त्याच्या हातात, इंग्रजी फक्त त्यालाच नीट येतं. तरी कायद्याने सही आजींची. आजी गुडघेदुखीमुळे नाशिकलाच राहिल्या असतील, तरीही हक्क त्यांचाच. मग मुलाला अधिकार दिल्याचं पत्र त्यांच्याकडून आणवावं लागतं. बरीचशी फ्युनरल होम्स सही केलेला कागद ईमेलवर घेतात, काही ठिकाणी नोटरी मागतात. नाशिकमध्ये रविवारी सकाळी नोटरी शोधत फिरायची वेळ येऊ शकते, हे गृहीत धरा.

शिकायला आलेल्या मुलामुलींचं याहून अवघड. लग्न झालेलं नाही, मूल नाही, म्हणजे हक्क आईवडिलांचा, आणि ते सांगलीत. सोबत राहणारे मित्र, कॉलेजमधले प्राध्यापक, ह्यूस्टनचा मावसभाऊ, मंडळाची माणसं, सगळे धावून येतात, पण यांपैकी कुणाच्याही सहीला आईवडिलांनी लिहून दिल्याशिवाय किंमत नाही. वर्षानुवर्षं एकत्र राहणारी, पण लग्न न केलेली जोडीदारही बऱ्याच राज्यांत रांगेतच नसते, किंवा घरगुती जोडीदार म्हणून रीतसर नोंदणी असेल तरच असते. उलट, वेगळं राहून घटस्फोटाचा दावा चालू असलेली बायको अनेक ठिकाणी कागदोपत्री अजून बायकोच असते आणि आईवडिलांच्या पुढे उभी राहते. राज्यांनी यालाही थोडेफार अपवाद केलेत. न्यू जर्सीत कौटुंबिक हिंसाचारामुळे ज्याच्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम होता, त्या नवऱ्याला हा हक्क मिळत नाही.

रांग बदलायची असेल तर उपाय एकच, जिवंतपणी कुणाला तरी लिहून नेमणं. टेक्ससमध्ये यासाठी कायद्यातच छापलेला नमुना आहे, तो नोटरीपुढे सही करून घ्यावा लागतो. न्यू यॉर्कच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात. कॅलिफोर्नियात आरोग्यविषयक निर्णयांसाठी जो मुखत्यार नेमतात, त्याच्याकडेच देहाचा निर्णयही जातो. इथे बरेच जण फसतात. साधी पॉवर ऑफ अटर्नी माणूस गेला त्या क्षणी संपते, बँकेचे व्यवहार बघणाऱ्या मुलाला त्या कागदावर अंत्यसंस्काराचं काहीच ठरवता येत नाही. आणि नुसतं मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर ते बहुधा सगळं आटोपल्यावरच उघडलं जातं.

स्वतःची इच्छा लिहून ठेवली तर ती घरच्यांना बंधनकारक असते का? कॅलिफोर्नियात, सूचना स्पष्ट असतील आणि पैशांची सोय केलेली असेल, तर असते. बाकी राज्यांत कमीअधिक. नुसती तोंडी इच्छा वादाच्या वेळी फारशी टिकत नाही.

अमेरिकेतल्या आधुनिक भट्टीतल्या दहनाची सुरुवातही एका माणसाच्या अशाच शेवटच्या इच्छेने झाली, आणि तिचा एक धागा गिरगावात येऊन पोचतो. डी पाम नावाचा एक युरोपीय उमराव मे १८७६ मध्ये न्यू यॉर्कला वारला. त्याची व्यवस्था कर्नल हेन्री ऑल्कट या मित्राकडे होती. दहन करायचं, पण देशात तशी सोयच नव्हती. देह टिकवून ठेवला आणि ६ डिसेंबर १८७६ ला पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावी, लमॉयन नावाच्या डॉक्टरने स्वतःच्या जागेत बांधलेल्या भट्टीत त्याचं दहन झालं. वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली. हेच ऑल्कट पुढे १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्कींबरोबर मुंबईत आले, गिरगावात राहिले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचं काम तिथून चालवलं. आज अमेरिकेत निम्म्याहून अधिक लोक दहनच निवडतात, त्यामुळे आपल्यासाठी काही वेगळं मागावं लागतं असं आता राहिलेलं नाही. उघड्यावर चिता रचणं मात्र जवळपास कुठेच होत नाही. कोलोरॅडोतल्या क्रेस्टोन गावी एक संस्था ती सोय करते, पण फक्त त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रहिवाशांसाठी.

दहनाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते सावकाश वाचा. त्यात नाव, नातं आणि जन्मतारखेच्या खाली एक ओळ असते: माझ्या बरोबरीचा हक्क असलेलं दुसरं कुणी आहे का, आणि असल्यास त्यांची हरकत नाही ना. भावाशी बोलणं झालेलं नसताना इथे घाईने खूण करणं म्हणजे खोटं निवेदन देणं. त्याखाली पेसमेकरबद्दल विचारतात, आणि तो प्रश्न अगदी गंभीर आहे. बॅटरी भट्टीत फुटते, म्हणून पेसमेकर आधी काढतात. दागिने ठेवायचे की काढायचे, तेही तिथेच लिहावं लागतं. मंगळसूत्र काढून हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण आत गेलेलं सोनं परत मिळत नाही. दहनापूर्वी देहासोबत नंबर कोरलेली धातूची एक चकती देतात, ती भट्टीतून जाऊन अस्थींबरोबर परत येते. ओळख पटवायची त्यांची हीच पद्धत.

घरच्यांनी भट्टीपाशी उभं राहून पाहावं अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते, मात्र ती आधी सांगून ठेवावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. कळ दाबून भट्टी सुरू करायची मुभाही देतात. आपल्या लोकांमध्ये तोच अग्नी दिल्याचा क्षण मानायची रीत पडली आहे, आणि ती कळ मुलीने दाबलेली आता कुणाला खटकत नाही. कापूर, तूप, तुळशीपत्र, गंगाजल यातलं काय चालेल ते त्या-त्या जागेवर विचारायचं. नारळाला सहसा नाही म्हणतात. अस्थी सावडायच्या म्हटलं तर एक अडचण येते: भट्टीतून निघालेले हाडांचे तुकडे दळून भुकटी करूनच पिशवीत भरायचा तिथला रिवाज आहे. दळायच्या आधी काही तुकडे वेगळे ठेवा अशी विनंती करून बघता येते. ती मानतीलच असं नाही.

लगेच दहन करा, हे मात्र शक्य होत नाही. न्यू जर्सीत मृत्यूनंतर २४ तास, टेक्सस आणि फ्लोरिडात ४८ तास थांबावंच लागतं. त्याशिवाय डॉक्टरने मृत्यूचं कारण नोंदवायचं, राज्याच्या नोंदीत ते चढायचं आणि परवाना निघायचा. मध्ये शनिवार-रविवार आला की आठवडाही जातो. तेरावं कधीपासून मोजायचं यावर मग भारतातल्या गुरुजींशी व्हॉट्सअपवर खल होतो. अचानक, अपघाताने किंवा घरात एकट्याने मृत्यू झाला असेल तर मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) मध्ये येतो, आणि शवविच्छेदनासाठी त्याला घरच्यांची परवानगी लागत नाही. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत धार्मिक कारणासाठी हरकत नोंदवता येते, पण गुन्ह्याचा संशय असेल तर ती बाजूला ठेवतात.

सगळं राज्यांवर सोडलेलं असलं तरी एक नियम देशभर सारखा आहे, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा फ्युनरल रूल. तो १९८४ पासून लागू आहे आणि तुमच्या खिशाचा आहे. प्रत्यक्ष जाऊन विचारलंत तर छापील दरपत्रक हातात द्यायलाच हवं, फोनवर विचारलंत तर दर सांगायलाच हवेत. देह टिकवण्यासाठी रसायनं भरणं कायद्याने सक्तीचं आहे, असं ते नसताना सांगणं हा नियमभंग धरतात. सरसकट तशी सक्ती नसतेच, थोड्या दिवसांसाठी बहुतेक ठिकाणी शीतगृह पुरतं. थेट दहनासाठी लाकडी शवपेटी घ्या असा आग्रह धरता येत नाही, पुठ्ठ्याची किंवा साध्या फळीची पेटी उपलब्ध ठेवावी लागते. अंत्यदर्शनासाठी चांगली पेटी हवीच असेल तर भाड्यानेही मिळते. फ्युनरल डायरेक्टरांच्या (फ्युनरल होम चालवणाऱ्या व्यावसायिकांच्या) राष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये दर्शनासह दहनाचा मधला खर्च ६,२८० डॉलर होता. काही कार्यक्रम नको, फक्त दहन, असं म्हटलं तर याच्या बऱ्याच खाली काम होतं. शोक आवरत दर विचारायला लाज वाटते, म्हणून हा फोन घरातल्या कुणी करू नये. एखाद्या मित्रावर सोपवा. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट, मिशिगन अशा थोड्या राज्यांत फ्युनरल डायरेक्टर घ्यावाच लागतो, इतरत्र तत्त्वतः घरचे लोक सगळं करू शकतात. व्यवहारात आपल्यातलं कुणी त्या फंदात पडत नाही.

अस्थींचं काय? समुद्रात सोडायच्या असतील तर केंद्राचा नियम किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल आत जा असा आहे, आणि नंतर ३० दिवसांत पर्यावरण खात्याला कळवायचं. फुलं-हार चालतात, पण विरघळून जाणारे. प्लॅस्टिकची फुलं आणि दोरे नकोत. नदी किंवा तळं असेल तर तिथे हा केंद्राचा परवाना लागू होत नाही, राज्याला विचारावं लागतं. कुणी बघत नाही म्हणून पुलावरून सोडणारे खूप आहेत, मी त्यावर काही म्हणत नाही.

नाशिकला किंवा पंढरपूरला न्यायच्या असतील तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि गेलेल्या माणसाचा पासपोर्ट घेऊन भारतीय वकिलातीकडे जायचं. पासपोर्ट रद्द होतो आणि ना हरकत पत्र मिळतं. मृत्यूच्या प्रकरणांसाठी वकिलातींचा आपत्कालीन फोन सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. विमानात अस्थी हातातल्या सामानात नेता येतात, पण कलश एक्स-रेमधून आरपार दिसणारा हवा. तांब्या-पितळेच्या जड कलशातून काही दिसलं नाही तर अडवतात, आणि सुरक्षारक्षक तो कलश उघडून बघत नाहीत. साधा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा डबा न्या, कलश नाशिकमध्ये घ्या. हा प्रवास उलट्या दिशेनेही झालाय: आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत, तिथे त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आहेत.

संपूर्ण देह भारतात न्यायचा तर मात्र रसायनं भरणं आलंच, त्याचा दाखला, संसर्गजन्य रोग नसल्याचं पत्र, हवाबंद पेटी, वकिलातीची परवानगी आणि भारतातल्या विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी. खर्च कित्येक हजार डॉलरच्या घरात जातो. आईवडिलांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेताना देह परत नेण्याचा खर्च किती रकमेपर्यंत आहे ती ओळ बघा. बहुतेक पॉलिसींत ती असते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. परिस्थिती बेताची असलेल्या भारतीय नागरिकांसाठी वकिलातींकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, २००९ पासून. मागायला संकोच करू नये.

अवयवदानाचा नियम आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. भारतात घरच्यांच्या होकाराशिवाय व्यवहारात काहीच पुढे सरकत नाही. अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवरची बाई विचारते, डोनर व्हायचंय का, आणि आपण सहज हो म्हणून येतो. ते हो कायद्याने पक्कं असतं. सज्ञान माणसाने स्वतः दिलेली संमती नंतर आईवडिलांना किंवा बायकोला फिरवता येत नाही. हो म्हणावं असंच माझं मत आहे, फक्त घरी येऊन सांगा, नाहीतर हॉस्पिटलमध्ये त्यांना तो धक्काच बसतो.

दहनाला आणखी पर्यायही आलेत. देहाचं खत करायला वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली. आपल्या लोकांत अजून तरी त्याची फारशी चौकशी होत नाही.

राहिला कागदांचा भाग. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती आठ-दहा तरी मागवा, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन खातं प्रत्येकाला मूळ प्रत लागते आणि नंतर मागवायच्या म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. भारतात फ्लॅट किंवा शेती नावावर असेल तर त्यातल्या दोन प्रतींवर त्या राज्याच्या, सहसा सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, कार्यालयातून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात तो शिक्का) करून घ्या, म्हणजे भारतातल्या सरकारी कचेरीत अडचण येत नाही. आणि नेमणुकीचा तो कागद केला असेल तर एक प्रत ज्याला नेमलंय त्याच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे आणि फोटो सगळ्या मुलांच्या फोनमध्ये. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला बँक मृत्यूचा दाखला मागते, आणि तो हातात येईपर्यंत सही करायची वेळ निघून गेलेली असते.